वजनदार शब्द

परदेशात विमान चालवायला शिकून आलेल्या मृण्मयीला दुर्गम पाड्यांवरचे पेशंट शहरातल्या इस्पितळात पोचवायचे होते. त्यासाठी पाड्यांनीच वर्गणी काढली होती. दादासाहेब सरदेशमुखांचं जुनं, छोटं विमान विकायला असल्याचं कळताच ती इंजिनिअर फारूकला घेऊन तिथे गेली. दादासाहेब विमानापुढे खुर्ची टाकून बसले होते.

"इंजिन उघडायचं नाही," ते म्हणाले. "विमान ठणठणीत आहे, हा माझा शब्द. आणि पोरी, माझ्या शब्दाला या जिल्ह्यात वजन आहे."

भोवतालच्या मंडळींनी माना डोलावल्या.

"तीच तर अडचण आहे, दादासाहेब," मृण्मयी म्हणाली. "एवढा वजनदार शब्द आत ठेवला, तर हे इवलंसं विमान जमीन कशी सोडणार? तो तुमच्याकडेच राहू द्या. आम्हाला तपासणीचा कागद पुरे. तो हलका असतो."

मंडळी हसू दाबू लागली. दादासाहेबांनी खुर्ची बाजूला घेतली.

फारूकने इंजिनावरचं झाकण उघडलं, तशा आतून दोन साळुंक्या भुर्रकन उडाल्या. दादासाहेब त्या दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिले.

"यातून सध्या एवढंच उडतंय म्हणायचं," ते अखेर म्हणाले. "शब्द दिलाय, तेव्हा दुरुस्त करून देतो. मग तपास आणि ने."