चुकून आलेले हेडमास्तर

फार वर्षांपूर्वी, आपलं बोरगाव चाळीस उंबऱ्यांचं होतं तेव्हा, मार्तंड नाचणे नावाचे एक मास्तर भर दुपारी बैलगाडीतून इथं उतरले. हातात पत्र्याची ट्रंक, खिशात सरकारी कागद. कागदात लिहिलेलं, बोरगावच्या शाळेत हेडमास्तर म्हणून रुजू व्हावे.

गुरुजींनी विचारलं, "शाळा कुठंय?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. गावात शाळा नव्हतीच. पण सरकारनं लिहिलंय म्हणजे असेलही, आपल्यालाच ठाऊक नसेल, असं त्यांना वाटलं. शेवटी ठकूबाई लोहारीण म्हणाली, "गुरुजी, तुम्ही आमच्या भट्टीच्या छपरात टेका. आम्ही शोधतो."

आणि माणसं खरंच शाळा शोधायला गेली, असं म्हणतात. नदीकाठ पाहिला, टेकडी पाहिली, गायरान पालथं घातलं. इकडं गुरुजींनी बसल्या बसल्या कोळसा उचलला आणि भिंतीवर अक्षरं काढली. पोरं जमली. दिवेलागणीला माणसं हात हलवत परतली, तर छपरात बावीस पोरं एका सुरात बाराखडी म्हणत होती.

"अगं बाई," ठकूबाई म्हणाली, "ही काय, आपल्याच घरात होती की!"

मग गावात कापसाचं जिनिंग आलं, स्टेशन आलं, पेठ वसली. शाळेचे वर्ग वाढले. पाच वर्षं गेली. आणि एक दिवस बारा कोसांवरच्या दुसऱ्या बोरगावाहून तीन माणसं आली. त्यांतला म्हातारा म्हणाला, "आमचे हेडमास्तर वाटेत हरवलेत. आमची पोरं रोज कुलूप लावलेल्या शाळेच्या पायरीवर बसतात आणि घरी जातात."

आपल्या मुलखात बोरगावं काय कमी आहेत? गुरुजींनी कागद पुन्हा पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा उतरला.

"मग मी इथं कोण आहे?" ते म्हणाले.

त्या पायरीवरच्या पोरांच्या विचारानं त्यांनी रातोरात ट्रंक भरली. सकाळी ते एकटेच त्या बोरगावाकडं निघाले. दिवसभर चालले. संध्याकाळी गाव दिसलं. "हे बोरगावच ना?" त्यांनी विचारलं. "हो गुरुजी," ठकूबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेनं गेले, परत इथंच आले. तिसऱ्या दिवशी त्या तिघांनी त्यांचे हात धरले, आणि सांजेला चौघंही भट्टीच्या दारात उभे!

वाटच वळली, असं म्हणतात. कुणी म्हणतं, गुरुजींना दिशा कळत नसत. पण मग त्या तिघांचं काय? ते तर स्वतःच्या घरी निघाले होते.

गुरुजी उंबऱ्यावर बसून रडले. "ठकूबाई, मी कुणाचा अपराधी आहे तेच मला कळेना."

"वाट तुम्हाला सोडत नाही," ती म्हणाली, "पण पोरांना थोडीच अडवणार आहे?"

ती स्वतः गेली. वाटेनं तिला अडवलं नाही. चौथ्या दिवशी ती एकेचाळीस पोरं घेऊन आली, आणि घरोघर एकेक पान वाढलं. दोन्ही गावांची पोरं एकत्र झाली तसा सातवीपुढं आठवीचा वर्ग निघाला, आणि बघता बघता मॅट्रिकपर्यंतचं हायस्कूल उभं राहिलं.

गुरुजी गेले त्या दिवशी आपण इथं त्यांना खांदा दिला. पण त्या दुसऱ्या बोरगावचे लोक शपथेवर सांगतात, त्याच सकाळी गुरुजी आमच्या शाळेत आले, कुलूप आपोआप गळून पडलं, आणि दुपारपर्यंत त्यांनी शिकवलं. कोण खरं, कोण खोटं? आजवर कुणाला उलगडलेलं नाही.

आता हायस्कूल तीन मजली आहे, दोन हजार पोरं शिकतात. तरी प्रत्येक वर्गात पुढचा एक बाक रिकामा ठेवतात. त्याला गुरुजींचा बाक म्हणतात. दाखला नसलेलं, गाव धड सांगता न येणारं, वाट चुकलेलं लेकरू आलं, की त्याला आधी तिथं बसवायचं. गेल्या जूनमध्ये वीटभट्टीवरची एक मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"कुठली गं तू?" क्लार्कनं विचारलं.

तिला सांगता येईना.

"असू दे," क्लार्क म्हणाला. "बस आधी."