खेकड्याचे घट्ट कवच

फार फार पूर्वी, किनाऱ्यावर पहिली होडी बांधली गेली त्याच्याही आधी, एका उथळ, कोमट समुद्रात प्रवाळाचे एक झुडूप होते. त्याच्या फांद्यांत एक खेकडा आणि त्याची खेकडीण राहत. दोघेही बोराएवढेच होते.

प्रवाळ जिवंत असते, पण त्याला हलता येत नाही. अंगावर रेती साचली तर ते गुदमरते. म्हणून खेकडा दिवसभर फांद्यांवरची रेती खाली ढकली. काटेरी तारामासा प्रवाळ खायला वर चढू लागला, की त्याच्या मऊ पायांना चिमटे काढून त्याला परतवी. बदल्यात प्रवाळ आपल्या अंगचा चिकट रस त्यांना खाऊ देई. घर तेच आणि ताटही तेच.

खालच्या फांदीशी एक कोळंबी राही. तिचा एक नांगा मोठा होता. तो मिटला, की सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज होई आणि शत्रू दचके. एरवी ती बहुधा पडून असे.

आता खेकड्यांची एक अडचण ऐका. आत अंग वाढते, कवच वाढत नाही. मग जुने कवच टाकावे लागते. नवे टणक होईपर्यंत खेकडा लोण्यासारखा मऊ असतो, म्हणून तेवढे दिवस त्याने कपारीत लपून राहायचे असते. मागे खेकडीण अशी पडून होती, तेव्हा खेकड्याने एकट्याने राखण केली होती. आता त्याची पाळी आली होती.

कवच इतके आवळले होते की त्याला श्वास पुरत नव्हता. पाय जड झाले होते. पाठीवर शेवाळ चढले होते.

"अहो, आत जा आता," खेकडीण म्हणाली. "मी आहे, कोळंबी आहे."

"ती? ती तर झोपूनही दमते."

"मामा, मी ऐकतेय," खालून कोळंबी म्हणाली. "जा तुम्ही. तुमच्याकडे बघूनच दमायला होतं मला."

खेकडा गेला नाही. एवढी रेती काढतो आणि जातो, असे तो रोज म्हणे. पण समुद्रातली रेती कधी संपते का? खेकडिणीने पुन्हा पुन्हा सांगितले आणि मग सांगणे सोडून दिले.

एके दिवशी मोठ्या लाटा आल्या. पाणी गढूळ झाले. खेकडा दिवसभर रेती उपसत राहिला. सूर्य मावळताना तारामासा आला. खेकडा नांगे उगारून पुढे गेला आणि तिथेच त्याचे कवच पाठीमागून उकलले. शरीर कुणाची सोय पाहत नाही. तो अर्धा कवचात, अर्धा बाहेर अडकला. चिमटा काढायला गेला, तर नांगा नुसताच वाकला.

खेकडिणीने तारामाशाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले आणि त्याला कपारीकडे ओढत नेले. सावकाश न्यावे लागले, कारण फांदी लागली असती तर ते मऊ अंग फाटले असते. तोवर कोळंबी एकटी लढत होती. आत पडल्या पडल्या खेकड्याला तिच्या नांग्याचा आवाज ऐकू येत होता. तो थांबतच नव्हता.

खेकडीण परतली, तेव्हा दोघींनी मिळून तारामाशाला खाली लोटले. पण झुडपाची एक बाजू त्याने खाऊन टाकली होती. सकाळी ती हाडासारखी पांढरी दिसली.

"मी एकदाही बसलो नाही," खेकडा हळूच म्हणाला. "तरी असं झालं."

खेकडीण फार थकली होती. रागवायलाही तिच्यात बळ नव्हते.

"तुम्ही वेळेवर आत गेला असता, तर काल राखायला आम्ही दोघी असतो," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर राहिलात, म्हणून कोळंबी एकटीच उरली."



पांढऱ्या फांद्यांना पुन्हा रस आला नाही. उरलेल्या बाजूवर तिघांनी अर्धपोटी दिवस काढले. पुढे कवच पुन्हा घट्ट होऊ लागले, तेव्हा खेकडा कुणी न सांगता कपारीत गेला. बाहेर रेती पडत होती. कोळंबी ती काढत होती, थोडी वेडीवाकडी, तिच्या पद्धतीने. खेकड्याने ते ऐकले आणि डोळे आत ओढून घेतले.

लहानांनो आणि मोठ्यांनो, वेळेवर घेतलेली विश्रांती हीसुद्धा राखणच असते.