माकडानं आणला नवा ब्राउझर

एका जंगलात एक माकड राहायचं, आणि ते जिथं राहायचं तिथं दुसऱ्या कुणाला सुखानं राहता यायचं नाही. झोपलेल्या अस्वलाच्या नाकात काडी घाल, सशाच्या दोन्ही कानांची गाठ मार, असले उद्योग दिवसभर. आणि सगळ्यात आवडता उद्योग म्हणजे टिटवीची नक्कल. झाडावर बसून हुबेहूब तिच्यासारखं ओरडायचं. टिटवी बिचारी "आले आले, कोण हाक मारतंय?" म्हणत उडत यायची आणि वर बघते तर काय, माकड दात काढून बसलेलं!

तर बारक्यांनो, त्या जंगलात एक कॉम्प्युटर होता. हसू नका, खरंच होता. वनरक्षकांची एक चौकी होती, ती माणसं सोडून गेली. टेबल, कॉम्प्युटर आणि छपरावरची सोलर प्लेट मात्र तिथंच राहिली. त्या कॉम्प्युटरवर दोन ब्राउझर होते. ब्राउझर म्हणजे आपण ज्याच्यातून इंटरनेट बघतो ते. एक कॉम्प्युटरसोबतच आलेला, नवरीबरोबर आंदण येतं तसा. त्याला सगळे म्हणायचे म्हातारा. उघडायला सांगितलं की आधी खोकणार, मग विचार करणार, मग उघडणार. दुसरा होता ढेरपोट्या. हा सगळ्यांचा लाडका, काहीही दाखवायचा, पण भूक अशी की चार पानं उघडली तरी कॉम्प्युटरची सगळी मेमरी खाऊन टाकायचा. मग पंखा घरघरायचा आणि डबा तापायचा.

म्हाताऱ्याला फक्त एक कासव वापरायचं. त्या दिवसांत ते एक अर्ज भरत होतं. वैशाखाचं ऊन पडलेलं, पाणवठा आटून चिखल झालेला. वनकचेरीच्या वेबसाइटवर अर्ज केला की पाण्याचा टँकर यायचा. 'पाणवठा' एवढा एक शब्द लिहायला कासवाला अख्खी सकाळ लागायची, त्यामुळे अर्ज तीन दिवस चाललेला. टिटवी रोज येऊन शेजारी बसायची, कारण घाई तिलाच होती. तिनं पाणवठ्याच्या काठी, खड्यांमध्ये, चार अंडी घातली होती. रोज ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणायची आणि अंड्यांवर बसायची, म्हणजे अंडी गार राहायची. आता भिजवायला पाणीच उरलं नव्हतं. उरलेल्या चिखलावर फार तर पाच-सहा दिवस निघाले असते.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनला टिटवी आली. "कासवभाऊ, आज पाचला अर्ज बंद होतोय हो. किती राहिलंय?"

"एकच... रकाना... राहिलाय," कासव म्हणालं.

तेवढ्यात खिडकीतून धप्पकन माकड आत पडलं. त्यानं गालाच्या पिशवीत बोटं घातली आणि आतून एक पेन ड्राइव्ह काढला, थुंकीनं ओला. सहलीला आलेल्या पोरांच्या दप्तरातून पळवलेला होता, आणि ते माकड मोठ्या अभिमानानं सगळ्यांना सांगत होतं.

"बाजूला व्हा! बाजूला व्हा! नवा ब्राउझर आणलाय! झपाट्या नाव त्याचं. बघा, चित्र पण चित्त्याचं आहे!"

"माकडा, पाच वाजेपर्यंत थांब रे," टिटवी म्हणाली. "आधी अर्ज जाऊ दे."

"अगं टिटवीकाकू, झपाट्यात तो अर्ज एका उडीत जाईल. तुझं कासव अजून कानामात्रा शोधतंय!"

"ऐक... माकडा," कासव म्हणालं, "हा... अर्ज... फक्त..."

पण कासवाचं वाक्य संपेपर्यंत थांबणार कोण? माकडानं पेन ड्राइव्ह डब्यात खुपसून झपाट्या चढवलासुद्धा, आणि आरोळी ठोकली, "शर्यत! शर्यत! झपाट्या, ढेरपोट्या, म्हातारा, तिघांची शर्यत!" आणि अर्धं जंगल चौकीकडे पळत सुटलं.

काय गर्दी झाली म्हणून सांगू! हत्तीण पंच झाली. ती दारातून आत मावेना म्हणून तिनं खिडकीतून डोकं घातलं आणि सगळा उजेड अडवला. कोल्हा टेबलावर चढून समालोचन करायला लागला. सरडा नेहमीसारखा कॉम्प्युटरच्या डब्यावर अंग टाकून पडला होता.

"मंडळी, पहिली फेरी! कोण आधी उघडतो?" कोल्हा ओरडला. "माऊस दाबलाय! झपाट्या... उघडला! अहो, मी अजून 'झ' म्हणत होतो! ढेरपोट्या येतोय, येतोय, आला. म्हातारा... म्हातारा कुठाय? म्हाताऱ्याचं वाळूचं घड्याळ फिरतंय, मंडळी. घड्याळच फिरतंय."

"झपाट्या! झपाट्या!" सगळे नाचायला लागले.

दुसरी फेरी व्हिडिओची. मोराचा नाच लावायचा. झपाट्यात मोर लगेच पिसारा फुलवून हजर. ढेरपोट्यात आधी डोक्याच्या तेलाची जाहिरात, मग चपलांची जाहिरात, मग पुन्हा तेच तेल. "ह्याला कुणी सांगा रे, आम्ही चपला घालत नाही!" हत्तीण म्हणाली, आणि हसता हसता ससे एकमेकांवर पडले. म्हाताऱ्यात मोराचे फक्त पाय आले आणि तिथंच अडकले.

तिसऱ्या फेरीत खारीला पुढे केलं. खारीची सवय तुम्हाला माहीत आहे, एक शेंग इथं लपव, एक तिथं लपव. तिनं तशीच पटापट वीस पानं उघडली. झपाट्यानं वीसही पानं हसत उघडली. ढेरपोट्यात सातव्या पानाला पंखा घरघरला, दहाव्याला किंचाळला आणि बाराव्याला सरडा "आई गं! भाजलो!" म्हणत डब्यावरून थेट हत्तिणीच्या सोंडेवर. म्हातारा दुसऱ्याच पानाला झोपला.

"तीनात तीन! जिंकला झपाट्या!" हत्तिणीनं निकाल दिला. माकडाला डोक्यावर घेऊन सगळे चौकीभर मिरवले. इतका आरडाओरडा की टिटवीचा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही. ती केव्हाची म्हणत होती, "अहो, चार वाजून गेले! माझा अर्ज!"

माकडाला आता चढलं होतं. ते म्हणालं, "थांबा, आधी म्हाताऱ्याला निरोप देऊ. अडगळ साफ!" त्यानं म्हाताऱ्याची सेटिंग उघडली. तिथं लिहिलं होतं, 'इतिहास, कुकी आणि पासवर्ड पुसायचे का?'

"इतिहास!" माकड ओरडलं. "ते सनावळ्यांचं लफडं? शाळेच्या खिडकीतून ऐकलंय मी, पोरं रडतात त्याच्यापायी. पुसा, पुसा! आणि कुकी म्हणजे बिस्किटं. बघा बघा, हे कासव इतके दिवस एकटंच बिस्किटं लपवून बसलंय!"

"नको... तो... इतिहास..." कासव मान लांब करत म्हणालं.

टक्! माकडानं 'हो' दाबलं. सगळं पुसलं गेलं.

"आता झपाट्यात अर्ज!" माकडानं वनकचेरी शोधली. साइट एका झटक्यात आली, फॉर्म रंगीबेरंगी, मोठा, देखणा. खाली हिरवं बटण, 'लॉगिन करा'. माकडानं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. दहा वेळा दाबलं. शेवटी शेपटीनं दाबलं. बटण ढिम्म.

"ढेरपोट्यात बघ," हत्तीण म्हणाली. तिथंही बटण ढिम्म, वर आणखी चपलांची जाहिरात.

चौकी एकदम गप्प झाली. आणि त्या शांततेत, दुपारपासून अडवलेलं कासवाचं वाक्य अखेर पूर्ण झालं.

"हा... अर्ज... फक्त... म्हाताऱ्यातच... चालतो. कचेरीनं... ती साइट... म्हाताऱ्याच्या तरुणपणी... बांधलीय."

चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

माकडाच्या चेहऱ्यावरचं हसू असं गळालं, जसं पिकलेलं जांभूळ. "मग... मग म्हाताऱ्यात उघडू की. पत्ता झपाट्यात आहेच." त्यानं पत्ता तिथून उचलून म्हाताऱ्यात टाकला. म्हातारा खोकला, विचार केला, खूप खूप विचार केला आणि साइट उघडली. हिरवं बटण चाललंसुद्धा! सगळे ओरडणार तेवढ्यात पुढचं पान आलं, 'पासवर्ड टाका'.

"टाक की रे कासवा," कोल्हा म्हणाला.

"तो... म्हाताऱ्याच्या... इतिहासाशेजारी... होता," कासव म्हणालं. "तुम्ही... पुसलात."

"पण तुला आठवत असेल ना?"

"टिटवीचं... ओरडणं... ठेवलं होतं. तिच्यासाठीच... अर्ज... म्हणून. पण किती 'टि'... आणि किती 'टिव'... ते म्हाताऱ्यालाच... पाठ."

सगळ्यांनी टिटवीकडे पाहिलं. टिटवी म्हणाली, "अहो, मी काय मोजून ओरडते होय? ओरडते तशी ओरडते!"

"मग ओरड!"

टिटवीनं चोच उघडली. पण घसा कोरडा, डोळ्यांपुढे चार अंडी, त्यात सगळं जंगल टक लावून बघतंय. "टि... टि... टि..." एवढंच आलं. खारीनं घाईनं तेवढंच लिहून टाकलं. 'चुकीचा पासवर्ड. दोन वेळा उरल्या.' टिटवीनं पुन्हा जोर लावला, आणि तिला उचकीच लागली. खारीनं ती उचकीपण लिहिली. 'चुकीचा पासवर्ड. एक वेळ उरली.'

"हात काढ, बये!" हत्तीण खारीवर खेकसली.

पावणेपाच. टिटवी दाराशी गेली आणि पाणवठ्याकडे तोंड करून उभी राहिली. उन्हात खडे चमकत होते.

तेव्हा माकड हळूच म्हणालं, "मला येतं."

"तू गप बस!" सगळे एकदम.

"नाही, खरंच येतं." त्यानं मान खाली घातली. "मी रोज करतो ना तिची नक्कल. दिवसातून दहा वेळा फसायची ती. एक 'टि' जरी इकडंतिकडं झाला असता तर फसली असती का?"

टिटवी वळली आणि म्हणाली, "कर. पण आज खोटं ओरडू नकोस."

माकडानं डोळे मिटले. त्यानं ओरडायला सुरुवात केली. "टि टि टिव टिव! टि टिव टिव टिव!" इतकं खरं की टिटवीच्या तोंडून सवयीनं निघालं, "आले आले!" आणि गर्दीतून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तीन 'टि', पाच 'टिव'," कोल्हा म्हणाला. "कासवा, सांग, बरोबर?"

"ओळखीचं... वाटतंय," कासव म्हणालं.

माकडानं एकेक अक्षर दाबलं. बटण दाबलं. वाळूचं घड्याळ फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय... आणि पान उघडलं! कासवाचा तीन दिवसांचा अर्ज, काना-मात्रेसकट, जसाच्या तसा!

चौकीत असा गोंधळ उसळला की छपरावरची सोलर प्लेट हलली. "गप्प!" हत्तीण ओरडली. "शेवटचा रकाना बघ!"

शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, 'तातडीचं कारण'. चार वाजून चोपन्न मिनिटं.

"काय लिहू, काकू?" माकडानं विचारलं. काकू म्हणताना त्याचा आवाज जरा वेगळाच आला.

"चार अंडी," टिटवी म्हणाली. "एवढंच लिही."

माकडानं लिहिलं आणि 'दाखल करा' दाबलं. पुन्हा ते वाळूचं घड्याळ. पंचावन्न. छप्पन्न. "चल रे म्हाताऱ्या, चल रे बाबा," सरडा डब्याला गोंजारत म्हणाला. सत्तावन्न. अठ्ठावन्न. कोल्ह्याला समालोचन सुचेना, तो नुसताच "मंडळी... मंडळी..." म्हणत राहिला. एकोणसाठ मिनिटं झाली आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'अर्ज मिळाला'.

मग काय, विचारूच नका! हत्तिणीनं खिडकीतून डोकं काढायच्या नादात चौकटच उखडली. सशांनी माकडाला उचललं, आणि माकडानं त्यांना खाली ठेवायला लावून कासवाला उचलायला सांगितलं. कासव हवेत असतानाच म्हणायला लागलं, "मला... खाली..." पण ते वाक्य काही त्या दिवशी पूर्ण झालं नाही.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. टिटवी पोटापर्यंत भिजली आणि जाऊन अंड्यांवर बसली. पुढच्या पंधरवड्यात चारही अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. आता पडद्यावर तिन्ही ब्राउझर शेजारी शेजारी आहेत. मोराचा नाच बघायचा तर झपाट्या, बाकी काही अडलं तर ढेरपोट्या, कचेरीचं काम असलं की म्हातारा, आणि त्याला कुणी म्हातारा म्हणत नाही, आजोबा म्हणतात. कासवाचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं, असा नियमपण झालाय. थोडा त्रासदायक आहे, पण आहे. आणि माकड? ते अजून टिटवीची नक्कल करतं. फक्त आता फसायला चार पिल्लंही येतात.

तात्पर्य : नवं जोरात धावतं म्हणून जुनं पुसू नये. पारख करायचीच तर ज्याचं काम अडलंय त्याच्या कामावर करावी, आणि हळू बोलणाऱ्याचं वाक्य आधी संपू द्यावं.