भिंतीमागचा धिरा

फार वर्षांपूर्वी वसईकडच्या एका गावात कौलारू चर्च होतं. त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीला बाहेरून दगडांचा ओबडधोबड टेकू दिलेला होता. गवंडी त्याला धिरा म्हणत.

सणासाठी भिंतीला नवा चुना लागला आणि तिला धिऱ्याची लाज वाटू लागली. ती म्हणाली, "तू मला रेलून उभा राहतोस आणि लोकांना वाटतं, मलाच आधार लागतो."

धिरा तिला टेकून तसाच उभा राहिला.

त्याच आठवड्यात मिरवणुकीची वाट रुंद करायची ठरली. फादर सालूंनी इंत्रू गवंड्याला वाटेत येणारा धिरा काढायला सांगितलं. भिंत मनातून खूश झाली.

इंत्रूने वरचे चार थर उतरवले आणि छपराचा सगळा रेटा भिंतीवर आला. ती बाहेर कलू लागली. नव्या चुन्यात उभी चीर गेली. आत बायका गाण्यांची तालीम करत होत्या.

"धर मला!" भिंत ओरडली. धिऱ्याचे उरलेले दगड करकरले, पण जागचे हलले नाहीत.

"बायांनो, आधी बाहेर या!" इंत्रूने हाक मारली. मग त्याने तिरके वासे लावून भिंत सावरली आणि धिरा पुन्हा रचला. फादर म्हणाले, "राहू दे रे बाबा. मिरवणूक जाईल वळसा घालून."

सगळे गेल्यावर भिंतीने हळूच विचारलं, "इतकी वर्षं तू मला हे सांगितलं का नाहीस?"

"तू सरळ उभी होतीस ना," धिरा म्हणाला, "मग सांगायचं काय होतं?"