गोजराने राजाला हद्दपार केलं तेव्हा

“झोपाळ्याची फळी अखंड हवी! एक जरी सांधा दिसला, तर सुतारआळी रिकामी करा आणि चालते व्हा!” राजा रणधवल गरजला.

भिवबा सुताराने मान खाली घातली. राजवाड्यातली कामं त्याच्याच हातची, पण हे काम हाताने करायचंच नव्हतं. दूरदेशीच्या एका व्यापाऱ्याने राजाला एक यंत्र भेट दिलं होतं. पायाने चाक फिरवलं की मेजातून वर आलेला दांडा गरगर फिरे, आणि दांड्यावरचं पातं लाकडाच्या कडेला लोणी कापावं तशी नक्षी पाडी. राजा त्यावर इतका खूश, की रोज सकाळी स्वतः त्याला हळदकुंकू वाही!

अडचण एवढीच होती, की यंत्राचं मेज होतं जेवणाच्या पाटाएवढं आणि फळी होती दोन माणसं ऐसपैस झोपतील एवढी. भिवबाने फळी मेजावर धरली की लोंबतं टोक खाली जाई, पात्याजवळचं टोक वर उडे, आणि कडेचा टवका निघे.

“महाराज, यंत्राचं मेज थोडं वाढवून घेतो. चार खिळे ठोकले की झालं,” भिवबा म्हणाला.

“खिळे? माझ्या यंत्राला? खबरदार! खिळा ठोकायचा नाही, भोक पाडायचं नाही, काही जोडायचं नाही!”

भिवबा घरी आला तो ओसरीवर बसूनच राहिला. ताट वाढलं तरी जेवेना. त्याची सून गोजरा सुताराच्याच घरात जन्मलेली, रंध्याच्या आवाजावर झोपणारी. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मामंजी, यंत्राला पाय आहेत ना?”

“आहेत की.”

“मग आपल्या मेजालाही पाय लावू. ते आपल्या पायावर उभं राहील!”

भिवबाने ताट पुढे ओढलं.

दोघांनी मिळून दोन लांब मेजं केली. दरबारात नेऊन एक यंत्राच्या डावीकडे ठेवलं, एक उजवीकडे. गोजराने या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली आणि पायांखाली पाचरी सारून तिन्ही मेजं एका पातळीत आणली. वर मेण चोळलं. भिवबाने चाक फिरवलं. गोजराने फळी रेटली, तशी ती तळ्यातल्या होडीसारखी सरकत गेली. सगळ्या कडेला वेलबुट्टी उमटली, कुठे टवका नाही की ओरखडा नाही!

दरबारी “वाहवा!” म्हणाले. राजाला मात्र ते झोंबलं.

“थांबा! यंत्राला काही जोडायचं नाही म्हटलं होतं. हे काय जोडलंय?”

“जोडलं कुठे, महाराज? शेजारी बसवलंय,” गोजरा म्हणाली. “आपल्या सिंहासनाशेजारी प्रधानजी बसतात. ते काय सिंहासनाला खिळ्यांनी ठोकलेले आहेत?”

प्रधानजींनी दचकून स्वतःची बैठक चाचपली. दरबार खदखदला. राजाने ओठ दाबून हसू गिळलं, पण हट्ट काही गिळला नाही.

“सरळ फळी कुणीही करील! ती बघ, देव्हाऱ्याची कमान.” कोपऱ्यात कच्ची कापलेली एक कमान जमिनीवर पडली होती. “तिच्या वळणावर नक्षी पाड. पण हात न लावता! या घटकेपासून त्या लाकडाला ज्याचा हात लागेल, तो माझ्या राज्यातून हद्दपार! मग तो कुणीही असो!”

गोजराने पदर खोचला. काठीला कोळसा बांधून तिने कमानीभोवती फिरवला, जमिनीवर वळण उतरवलं, त्यावरून मापं घेतली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती एक साचा घेऊन आली. जाड फळीला कमानीचं गुळगुळीत वळण दिलेलं, वर धरायला दोन मुठी, मध्ये कमान बसेल अशी खोबण. साच्याची कड यंत्राच्या दांड्याला घासत जाणार आणि त्याच वळणाने वरचं पातं कमानीवर नक्षी पाडणार. लाकूड साच्यात आवळलेलं, हात दूर मुठींवर!

“पण कमान साच्यात जाणार कशी?” राजा मिशीत हसला.

“जाईल हो. माझी धास्ती वेगळीच आहे, महाराज. लाकूड आतून किडकं निघालं तर बोल मला लागेल. पारखून कोण देणार? प्रधानजींना सागातलं काय कळतं?”

“त्याला शिसवसुद्धा कळत नाही!” राजा तावातावाने उठला. त्याने कमान उचलली, बोटांनी टकटक वाजवली, कानाशी नेली. “खणखणीत आहे!”

“मग ठेवावी इथे. अशी नव्हे, पालथी. हां!”

राजाने कमान खोबणीत बसवली. गोजराने मोगरीने पाचरी ठोकल्या, मुठी धरल्या. चाक फिरलं, भुसा उडाला, आणि बघता बघता वळणावर वेल चढली. पाचरी सुटताच राजानेच कमान बाहेर काढली, उजेडात धरली. नाव ठेवायला जागा नव्हती. तरी तो म्हणाला, “हुकूम मोडलाच! लाकडाला हात लागला!”

“लागला खरा,” गोजराने हात जोडले. “पण कुणाचा, महाराज?”

राजाने हातातल्या कमानीकडे पाहिलं. मग प्रधानजींकडे. प्रधानजी छताकडे बघत होते.

“हुकूम आपला आहे, मी गरीब काय बोलणार?” गोजरा हळूच म्हणाली. “सामान फार असेल, तर आमच्या आळीतली बैलगाडी सांगू का?”

मग राजा असा हसला, की कमान कुशीत धरून मटकन खालीच बसला!

“अगं, हद्दपार केलंस की मला!” डोळे पुशीत तो म्हणाला. “माझा हुकूम मीच मागे घेतो. सुतारआळी जागची हलणार नाही. आणि प्रधानजी, हिला पैठणी द्या, सोन्याच्या पाटल्या द्या, आणि हे यंत्र आजच्या आज हिच्या दारात पोचवा. इथे राहिलं तर उद्या मी आणखी एखादी अट घालीन, आणि मग ती गाडी खरोखरच जुंपावी लागेल!”