हळबे डॉक्टरांचा कोच

“मग बुवा, या गुरुवारपासून मी बसू का?”

सुमेधनं हे आधीही विचारलं होतं. तेव्हा तात्याबुवा शेंगा सोलत होते. आजही सोलतच होते.

मेणवलीजवळच्या त्यांच्या मठात दर गुरुवारी दुपारी माणसं यायची. कुणाचा मुलगा गेलेला, कुणाची झोप उडालेली, कुणाचं घरात पटत नसलेलं. बुवा पडवीत जाजमावर बसून सगळ्यांचं ऐकायचे. या कामाला मठात नुसतं ‘बसणं’ म्हणत.

बुवा आता थकले होते. त्यांच्या जागी आपण बसावं, यात सुमेधचा जीव अडकला होता. मानसशास्त्रातली डॉक्टरेट आणि चांगली नोकरी सोडून तो मठात आला, तो यासाठीच.

“बसून काय करशील?” बुवांनी विचारलं.

“लोकांच्या दुःखाचं मूळ शोधीन.”

“आणि सापडलं तर?”

“त्यांना सांगीन.”

“वा! मग तर त्यांचं कल्याणच झालं.” बुवांनी दाणे तोंडात टाकले.

मागच्याच आठवड्यात एक बाई आल्या होत्या. बुवा नदीवर गेले होते, म्हणून त्या सुमेधपाशी बसल्या. सून बोलत नाही, एवढंच सांगून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. सुमेधनं लगेच कारणं सांगितली. वर उपायही सांगितले. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. बाई “बरं हं” म्हणाल्या आणि उठून गेल्या.

हुशार माणसाला धीर धरवत नाही, हे काही आजचं नाही.

“पाचगणीला हळबे डॉक्टरांचं घर आहे ना?” बुवा म्हणाले. “तिथं संग्रहालय केलंय म्हणे. मला दाखवशील?”

सुमेधची कळी खुलली. डॉ. गजानन हळबे म्हणजे त्याचं दैवत. एवढे मोठे मनोविश्लेषक, पण परदेशातून शिकून आले ते पाचगणीच्या त्या बंगल्यात उभं आयुष्य माणसांच्या मनातलं ऐकत बसले. त्यांची पुस्तकं सुमेधला तोंडपाठ होती. बुवांनी एकही वाचलं नव्हतं आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती.

एसटी पसरणीचा घाट चढेपर्यंत सुमेध डॉक्टरांविषयी बोलत होता. बुवा खिडकीतून बाहेर बघत होते. अधूनमधून ते मान हलवायचे, ती वळणामुळे हलायची की काय, कोण जाणे.

बंगल्यात फारसं कोणी नव्हतं. तिथलं सगळं बघणाऱ्या ढवळेबाईंनी त्यांना डॉक्टरांच्या खोलीत नेलं. भिंतीला लागून कोच होता. त्याच्या उशाशी, मागच्या बाजूला, डॉक्टरांची खुर्ची.

कोचावर झेंडूची फुलं पडली होती. काही नाणी होती. भिंतीवर पाटी होती: ‘कृपया कोचावर नारळ ठेवू नये.’

“काय करायचं सांगा,” ढवळेबाई फुलं गोळा करत म्हणाल्या. “डॉक्टर सांगून गेलेत, माझं काही काचेत ठेवू नका, दोऱ्या बांधू नका. येईल त्यानं कोचावर आडवं व्हावं. पण एक माणूस होईल तर शपथ! म्हणतात, एवढ्या मोठ्या माणसाची वस्तू, पाय कसा लावायचा? फुलं वाहतात, हात जोडतात, आणि जातात.”

“अवघड आहे आपल्या लोकांचं,” सुमेध हसला.

मग त्यानं पुढं होऊन कोचाला हळूच बोटं लावली आणि ती डोळ्यांना लावली.

बुवांनी ते पाहिलं.

“आडवा हो,” ते म्हणाले.

“कुठं?”

“कोचावर.”

“बुवा, माझी काय लायकी...”

“मग फूल देऊ का आणून?”

ढवळेबाई तोंडाला पदर लावून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. सुमेधचे कान लाल झाले. तो कोचावर आडवा झाला, पण इतका ताठ, की कोणी पाहिलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं.

बुवा मागच्या खुर्चीत बसले.

“डॉक्टर असेच मागं बसायचे,” सुमेध छताकडे बघत सांगू लागला. “रुग्णाला त्यांचा चेहरा दिसू नये म्हणून. कारण चेहरा दिसला, की माणूस समोरच्याला आवडेल असंच बोलतो. यावर त्यांचं एक आख्खं प्रकरण आहे. त्यात ते म्हणतात...”



सुमेधचं प्रकरण संपलं.

खोली शांत होती.

“वर तो डाग कसला?” त्यानं विचारलं.

“ओल आली होती एका पावसाळ्यात,” ढवळेबाई दारातून म्हणाल्या. “डॉक्टरांनी त्याच्यावर रंग मारू दिला नाही. म्हणायचे, तो माझ्या पेशंटांचा आहे.” आणि त्या चहा टाकायला गेल्या.

“म्हणजे ज्याला जे दिसेल ते,” सुमेध म्हणाला. “मन आपलंच चित्र त्यावर...”

...

“कोणीतरी पाठमोरं बसल्यासारखं दिसतंय.”

...

“बाई आहे.”

...

“आई अशी बसायची. मोरीत, भांडी घासताना.”

मागून प्रश्न येईल म्हणून त्यानं वाट पाहिली. आला नाही. मग तो आपणहून बोलू लागला.

“ती रडायची, बुवा. नळ सोडून रडायची, म्हणजे कोणाला ऐकू जाऊ नये. मला ऐकू यायचं. मी लहान होतो, काय करावं कळायचं नाही. मग मी तिच्यामागं उभा राहून मोठ्यांदा पाढे म्हणायचो. एकोणीसचा, एकोणतीसचा, अवघड अवघड. न चुकता म्हटले की ती वळून हसायची. माझा हुशार बाळ, म्हणायची.”

...

“ती का रडायची, ते मी विचारलंच नाही. मला फक्त तिचं रडणं थांबायला हवं होतं.”

...

“आताही तसंच होतं. समोरचं माणूस रडायला लागलं की मला ते बघवत नाही. त्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. पाढेच म्हणत होतो मी, बुवा. दुसरं काय?”

त्याला रडू आलं. मग ते ओसरलं, कुणी न थांबवता. खिडकीतून सिल्व्हर ओकची सळसळ ऐकू येत होती. त्याचे ताठलेले पाय सैल पडले होते. छातीवरचं ओझं कोणीतरी अलगद उचलून ठेवल्यासारखं त्याला वाटलं. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

“बुवा, तुम्ही मध्ये एक शब्द बोलला नाहीत. कसं जमतं हो तुम्हाला?”

...

“बुवा?”

त्यानं मान वळवली. खुर्चीत कोणी नव्हतं.

तो अनवाणीच बाहेर धावला. बुवा व्हरांड्यात बसून बशीतून चहा पीत होते. ढवळेबाईंनी त्यांच्यापुढं स्ट्रॉबेरीची वाटी ठेवली होती.

“तुम्ही कधी उठलात?”

“तू ‘आई’ म्हणालास तेव्हा.”

“म्हणजे पुढचं काहीच ऐकलं नाहीत?”

“नाही रे. चहाचा वास आला.”

सुमेध संतापला. “मी जन्मात कोणाला सांगितलं नाही ते सांगत होतो! आणि समोर... मागं... कोणीच नव्हतं!”

“मग सांगायचं काही राहिलं का?”

सुमेधनं तोंड उघडलं. आठवून पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला. “सगळं सांगून झालं.”

...

आणि त्याला हसू फुटलं. आधी थोडं, मग पोट धरून. ढवळेबाईही हसू लागल्या. का हसतोय, हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण तो हसताना चांगला दिसत होता. त्यांनी त्यालाही चहा दिला. तो पायरीवर बसला आणि कपातला चहा संपेपर्यंत काहीही बोलला नाही.

इतका वेळ तो गप्प बसल्याचं बुवांनी मठातही पाहिलं नव्हतं.

“गुरुवारपासून तू बस,” ते म्हणाले.

सुमेधनं चमकून वर पाहिलं. “मी? पण बुवा, लोकांना काय सांगायचं, तेच मला आता सुचत नाहीये.”

बुवांनी वाटीतली शेवटची स्ट्रॉबेरी त्याच्या हातावर ठेवली.

“बस. पण तू बसलास तरी जागा रिकामी राहिली पाहिजे.”