एक्के कुठे बसतात

पणजीच्या एका कॅसिनोत फिलोमेना 'पै गाव पोकर' नावाच्या खेळाची पानं वाटायची. जुन्या चिनी सोंगट्यांच्या खेळावरून आलेला हा पत्त्यांचा खेळ. सात पानांतली दोन पुढे मांडायची, पाच मागे. मागची पाच पानं पुढच्या दोनपेक्षा भारी नसली तर डाव बाद.

हॉटेलमालक कुंकळ्येकरांनी एक्क्यांची जोडी पुढे मांडली. मागे जुळणारं काहीच नव्हतं. फिलोमेनाने डाव बाद ठरवला.

"मोठ्यांचा मान पुढे असतो," कुंकळ्येकर म्हणाले. "मॅनेजर, हिला आजच काढून टाका."

मॅनेजर धावत टेबलाशी आला.

फिलोमेनाने विचारलं, "साहेब, गाडीत तुमच्या पुढे कोण बसतं?"

"ड्रायव्हर."

"आणि तुम्ही?"

"मी मागे."

"एक्केही मागेच बसतात, साहेब."

कुंकळ्येकरांनी पानं तिच्याकडे सरकवली.

"वाट पुढचा डाव," ते म्हणाले.